सायकल इथं लावायची नाही

हे वाक्य काल एका दिवसात मी चार वेळा ऐकलं. सकाळी औषधाच्या दुकानासमोर, दुपारी बँकेच्या दारात, संध्याकाळी मुलाच्या क्लासपाशी आणि रात्री आठला, सासूबाई ॲडमिट आहेत त्या हॉस्पिटलच्या गेटवर. चौथ्यांदा ऐकलं तेव्हा डोकं जे फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून लिहायला बसलेय.

आम्ही कोथरूडला राहतो. घरात पाच माणसं, चारचाकी नाही, घ्यायचीही नाही. नवरा कंपनीच्या बसनं जातो. बाकी सगळं घर माझ्या सायकलवर चालतं. शनिवारी आठ किलो गहू आणि दोन किलो ज्वारीचं दळण कॅरिअरला हूकवाल्या रबरी दोरीनं बांधून गिरणीत न्यायचं, ते दळून होईपर्यंत भाजी घ्यायची, कुकरची रिंग आणायची, इस्त्रीचे कपडे उचलायचे. हँडलच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या सारख्या वजनाच्या लागतात, नाहीतर वळणावर हँडल खेचतं. म्हणून कांदे-बटाटे एकीकडे, दूध आणि नारळ दुसरीकडे. कोथिंबीर सगळ्यात वर. परत येताना गरम पिठाचा डबा पाठीला लागतो. धाकटा लहान असताना पुढच्या दांड्यावर छोटं सीट लावून त्याला बालवाडीत सोडायचे. पावसात रेनकोट असतो, उन्हात टोपी. चढ आला की उतरून ढकलते. यातल्या कशाचाही मला त्रास नाही. उलट सांगते, सायकलवरून भाजी आणताना रस्त्यातल्या दहा माणसांशी बोलणं होतं, ते मला आवडतं.

त्रास होतो तो पोचल्यावर.

पोचल्यावर सायकल लावायची कुठे? या शहरात एक किलो टोमॅटो घ्यायचे असतील तर दहा मिनिटं सायकल उभी करायला हक्काची जागा नाही. दुकानासमोर आखलेल्या पट्ट्यांत चारचाक्या. उरलेल्या जागेत दुचाक्या एकमेकींना खेटून, त्यांच्यात सायकल घुसवली की गाडीवाला येऊन म्हणतो, "ओ ताई, आरसा तुटेल ना माझा." फुटपाथवर लावली तर चालणाऱ्यांची अडचण. तिथं मी लावतच नाही, कारण मी स्वतः सासूबाईंचा हात धरून त्याच फुटपाथवरून चालते. पैसे देऊन लावावी म्हटलं तर एका वाहनतळावरच्या माणसानं सांगितलं, "सायकलची पावती नसते." अहो, मग फाडा ना पावती! पाच रुपये घ्या, दहा घ्या. मी फुकट मागत नाहीये.

एक चारचाकी लावायला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा आखतात. साडेबारा चौरस मीटर झाले. तेवढ्यात दहा सायकली आरामात उभ्या राहतात. आमच्या गल्लीतल्या दुकानांसमोर अशा सात चारचाक्या सकाळी लागतात त्या रात्रीच हलतात. त्यातल्या एकीच्या जागेत लोखंडी पाइप वाकवून पाच कमानी ठोकल्या असत्या तर दिवसभरात शंभर जणांची सामानं झाली असती. दुकानदारालाही ते कळत नाही, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. मी त्याच्याकडे आठवड्यातून चार वेळा जाते. ती चारचाकी त्याच्याकडे कधीच येत नाही, नुसती समोर उभी असते.

आणि हे पुण्यात! सायकलींचं शहर म्हणून ज्याची ओळख होती त्या पुण्यात. माझे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा, आम्ही मुलं कडेला उभी राहून आपापले वडील शोधायचो. तेव्हा सायकलला कर होता, कराचा बिल्ला लावावा लागायचा. रात्री दिवा नसला, डबलसीट दिसले, तर पोलीस पकडायचे. थिएटरबाहेर, स्टेशनबाहेर, मंडईपाशी सायकल स्टँड असायचे. माणूस पत्र्याचा नंबरचा बिल्ला हातात द्यायचा, त्याचाच जोड हँडलला अडकवायचा आणि तुम्ही निश्चिंत. म्हणजे सायकल हे वाहन होतं. त्याला नियम होते, दंड होता आणि त्याला उभं राहायला जागा होती. ते सगळं आपण मोडलं आणि त्या जागी काहीच आणलं नाही.

कागदावर म्हणाल तर भरपूर आणलं. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात गाड्यांपेक्षा माणसांचा विचार आधी करा असं लिहिलंय, पायी चालणारे आणि सायकलवाले यांना जागा द्या असं लिहिलंय. त्याच वर्षअखेरीला पुण्यात बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, सुरू झाली, जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-सुधारणा योजनेच्या पैशातून सातारा रस्ता, हडपसर रस्ता अशा ठिकाणी कडेनं सायकल ट्रॅक झाले. २०१७ च्या डिसेंबरात शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला. त्याच महिन्यात विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली आल्या, नंतर पिवळ्या-केशरी सायकली चौकाचौकात दिसायला लागल्या, फोटो निघाले, आणि काही वर्षांत त्या नाहीशाही झाल्या. आता ट्रॅकवर जाऊन बघा. सुरुवातीला खांब, मग विजेची डीपी, मग रस्त्याच्या कामाच्या उरलेल्या ब्लॉकचा ढीग, मग चारचाक्यांची रांग. ट्रॅक संपतो तिथं उतार नाही, फूटभर उंचीचा कठडा आहे. दहा किलो दळण घेऊन मी तो कसा उतरायचा? ज्यानं तो बांधला त्यानं एकदा, फक्त एकदा, मागं पिठाचा डबा बांधून तिथून सायकल नेऊन दाखवावी.

लोक म्हणतात, "किती छान, व्यायाम होतो तुमचा." मी व्यायामासाठी सायकल चालवत नाही हो. मला कामं असतात. "पर्यावरणासाठी करता का?" पर्यावरणाचं भलं होत असेल तर आनंदच आहे, पण मी कोथिंबीर आणायला निघालेय. आणि नातेवाइकांचं ठरलेलं, "आता घेऊन टाका की एखादी छोटी गाडी, हप्त्यावर मिळते." आम्हाला हप्ता नको आहे. तो पैसा मुलांच्या शिक्षणाला आणि सासूबाईंच्या औषधांना लागतो आणि सायकलवर आमचं काही अडत नाही. अडवणारे अडवतात तेवढंच अडतं.

सोसायटीतही तेच. तीन महिन्यांपूर्वी कमिटीनं नोटीस लावली, पार्किंगमधल्या वापरात नसलेल्या सायकली भंगारात देणार. ठीक आहे, धूळ खात पडलेल्या होत्या, द्या. पण त्या उचलताना माझ्या मुलीची सायकलही उचलली. ती रोज त्या सायकलवर शाळेत जाते! सकाळी पावणेसातला पोरगी दप्तर घेऊन खाली उभी आणि सायकल गायब. भंगारवाल्याच्या टेम्पोपर्यंत पोचायच्या आत मिळाली हे नशीब. सेक्रेटरीकाकांना विचारलं तर म्हणाले, "अहो, खांबाला लावली होती, वाटलं कुणाची तरी टाकलेली असेल." खांबाला लावली होती कारण दुसरी जागाच दिलेली नाही. प्रत्येक फ्लॅटला चारचाकीची नंबर घातलेली जागा आहे. आमच्याही नंबरची आहे. तिथं आमच्या तीन सायकली लावल्या तर म्हणाले, ती जागा चारचाकीसाठी आहे, सायकली लावल्या की पार्किंग चांगलं दिसत नाही. आमच्याच जागेत, आम्ही पैसे मोजून घेतलेल्या जागेत, आमचीच वाहनं चांगली दिसत नाहीत! त्या दिवशी मी कमिटीच्या मीटिंगला गेले आणि तिथल्या तिथं लेखी घेतलं की आमच्या जागेत सायकली राहतील. एवढ्याशा गोष्टीला दीड तास भांडावं लागलं.

आता कालचं सांगते.

सासूबाईंना हॉस्पिटलचं जेवण जात नाही. मऊ भात, मुगाचं वरण आणि ताकाची बाटली घेऊन मी आठच्या सुमारास पोचले. मुलगा घरी एकटा, ताई क्लासमधून येण्याची वाट बघत. गेटवर वॉचमन म्हणाले, "मॅडम, सायकल आत नाही." मी म्हटलं, "मामा, डबा देऊन दहा मिनिटांत येते." तर म्हणाले, "मला बोलणी बसतात हो. गाडी असती तर बेसमेंटला सोडली असती." त्यांच्यावर मी चिडले नाही. बारा तासांची ड्युटी करणारा माणूस, त्याला जे सांगितलंय ते तो करणार. माझा राग आहे तो ज्यांनी सांगितलंय त्यांच्यावर. बेसमेंटचे दोन मजले खोदले, गेटाच्या आत शोभेच्या कुंड्यांची रांग लावली, आणि रोज डबा घेऊन येणारी, रात्रीपाळीला येणारी, झाडलोट करायला येणारी माणसं कशावरून येतात हा प्रश्नच कुणाला पडला नाही. मी बघितलंय, तिथल्या दोन मावशी सायकलवर येतात. त्याही बाहेरच लावतात, पार पलीकडच्या गल्लीत.

मी बाहेरच्या भिंतीला सायकल लावली, कुलूप घातलं, वर गेले. सासूबाईंनी चार घास खाल्ले, मी औषधं विचारून घेतली, पंचवीस मिनिटं झाली असतील. खाली आले तर सायकल गटाराच्या कडेला आडवी. भिंतीला लागून त्या जागी एक पांढरी चारचाकी उभी. पुढच्या चाकाची हवा सोडलेली, दोन स्पोक तुटलेले, रिम इतकी आउट की चाक फोर्कला घासत होतं. कुणीतरी उचलून फेकली होती. टपरीवाले दादा म्हणाले, "मी बोललो त्यांना, ताई. ऐकलं नाही."

मी त्या चारचाकीपाशी वीस मिनिटं थांबले. कुणी आलं नाही. घरी पोरगा एकटा. रिक्षावाल्यांनी सायकल घ्यायला नकार दिला, त्यांचंही बरोबरच आहे, बसवणार कुठे. मग पुढचं चाक उचलून, मागच्या चाकावर सायकल ढकलत निघाले. नळ स्टॉप, पौड फाटा, कर्वे पुतळा. घरी पोचले तेव्हा सव्वादहा वाजले होते आणि पोरगं न जेवता दारात बसलं होतं. त्याला पाहिल्यावर मला रडू आलं, ते दमल्यामुळे नव्हतं. अपमानानं होतं. सासूबाईंचा डबा पोचवायला गेलेल्या बाईचं वाहन कुणीतरी कचऱ्यासारखं फेकून देतं आणि त्याला त्यात काही चुकीचं वाटत नाही, कारण जागा चारचाकीचीच असते हे त्यानं धरूनच चाललेलं आहे.

आज सकाळी सायकलवाल्याकडे स्पोक टाकून रिम ओढून घेतली. तिथून थेट हॉस्पिटलच्या ऑफिसात जाऊन अर्ज दिला. सायकलींसाठी कमानी लावा, कुंड्यांच्या शेजारी जागा आहे, मी मोजून आलेय, आठ सायकली बसतात. अर्जावर शिक्का आणि तारीख घेतली. खाली त्या दोन मावशींचीही सही आहे. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "वर पाठवते, बघू."

त्यांनी बघावं. पण सासूबाई अजून पाच दिवस आत आहेत आणि आज रात्री आठला मला पुन्हा डबा न्यायचाय. आज सायकल गेटाच्या आत जाणार, कुंड्यांच्या शेजारी उभी राहणार. वॉचमनमामांना त्रास नको म्हणून अर्जाची शिक्का मारलेली प्रत त्यांच्या हातात देणार आहे. कुणाला हलवायची असेल तर वरच्या मजल्यावर मी असेन, मला येऊन सांगावं.