फोटो टाका, पण तोंड उघडू नका

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई. जिल्हा सांगत नाही, तालुका सांगत नाही, शाळेचं नाव तर अजिबात नाही. एक खुलासा नुकताच देऊन झालाय, दुसरा लिहायची हौस नाही.

मागच्या महिन्यात व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवलं. जसंच्या तसं सांगते: "आज 4 लिंका भरल्या, 3 फोटो अपलोड केले, 1 निरंक अहवाल दिला. चौथीचा भागाकार राहिला. उद्या बघू." संपलं. (लिंक म्हणजे वरून येणारा, माहिती भरायचा ऑनलाइन फॉर्म.) कुणाचं नाव नाही, कुणाला शिवी नाही, सरकार पाडायचा बेत नाही. तेही रात्री साडेआठला, स्वतःच्या घरात, स्वतःच्या मोबाइलवर, स्वतः मारलेल्या रिचार्जवर.

साडेनऊला केंद्रप्रमुखांचा, म्हणजे आजूबाजूच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्यांचा, फोन. "मॅडम, ते स्टेटस काढा आधी."

"का हो सर?"

"साहेबांपर्यंत गेलंय."

म्हणजे एका तासात कुणीतरी ते पाहिलं, स्क्रीनशॉट मारला आणि तो तालुक्याला पोचलासुद्धा. दुसरीच्या वर्गाचं छप्पर गळतंय म्हणून मी दोन पावसाळ्यांपूर्वी प्रस्ताव दिलाय, तो अजून वाटेतच आहे. पुढच्या खेपेला छप्पराचा फोटो स्टेटसला ठेवून बघते, बहुतेक रात्रीत पोचेल.

आणि माझ्या यादीत आहे तरी कोण? माहेरचे, सासरचे, डीएडच्या मैत्रिणी आणि केंद्रातले शिक्षक. माहेरच्यांना साहेबांचा नंबर माहीत नाही. तेव्हा ज्यानं कुणी ही सेवा केली त्यानं आपल्यातच बसून चहा पिऊन केली. असो. त्याचीही बदलीची फाइल कुठंतरी अडकली असेल.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. कशावर आली सांगा? व्हॉट्सअॅपवर. पीडीएफ. माझ्या त्याच खासगी नंबरवर. समाजमाध्यमावर बेजबाबदारपणे मजकूर प्रसारित करून प्रशासनाची प्रतिमा मलीन केली, सबब महाराष्ट्र जिल्हा परिषद जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम 1964 नुसार आपणावर कारवाई का करू नये, लेखी खुलासा तीन दिवसांत समक्ष सादर करावा. 1964! माझा जन्म नव्हता, मोबाइलचा नव्हता. स्टेटसला लावायला नियम मात्र तयारच होता.

आता माझा दिवस ऐका, मग कोण कुणाची प्रतिमा मलीन करतंय ते ठरवा.

आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. सर बीएलओ आहेत, म्हणजे मतदार यादीचं काम निघालं की चारही वर्ग माझे. खिचडी शिजली की मुलांना ओळीत बसवायचं, ताटं समोर ठेवायची आणि म्हणायचं, "थांबा, खाऊ नका अजून." कारण फोटो काढायचाय. फोटोत ताट दिसलं पाहिजे, मुलं दिसली पाहिजेत, फलक दिसला पाहिजे आणि खाली ठिकाण, तारीख, वेळ छापून आली पाहिजे. नुसता फोटो चालत नाही, जिओटॅग लागतो. आमच्या ओट्यावर रेंज नाही. हापशाच्या चौथऱ्यावर चढलं की एक काडी येते. तर बाई चौथऱ्यावर, हात आकाशात, आणि पंधरा पोरं गरम खिचडीकडे बघत बसलेली. पहिलीतला एक रोज विचारतो, "बाई, झाला का फोटू?" ते पोर भुकेलं असतं हो! एकदा ते गोल फिरणारं चक्र थांबेचना, तेव्हा तोच म्हणाला, "बाई, खाऊन मग काढू." एवढी अक्कल ज्याला आहे त्याला पहिलीत बसवलंय आणि लिंक काढणारे तिकडे एसीत.

झाडाचं तर विचारूच नका. रोप लावतानाचा सेल्फी, विद्यार्थ्यासह, पालकासह, लिंकवर. मागच्या वर्षीचं रोप शेळीनं खाल्लं. यंदा त्याच खड्ड्यात दुसरं लावलं. शेळी तीच आहे, खड्डा तोच आहे, सेल्फी तेवढा नवा. रोप जगलं का, हे विचारणारी लिंक आमच्याकडं अजून आलेली नाही.

शिवाय निरक्षर शोधा, तिरंग्याचा फोटो टाका, अमुक दिनाचा अहवाल द्या, काही केलं नसेल तर निरंक द्या. निरंक म्हणजे काहीच झालं नाही हे कळवायचं, आणि ते नाही कळवलं तर "प्रलंबित शाळा" अशी लाल यादी ग्रुपवर. नावानिशी, सगळ्या केंद्रासमोर. तिथं कुणाची प्रतिमा मलीन होत नसते बरं का. ग्रुपवर प्रत्येक पत्राच्या डोक्यावर "अत्यंत तातडीचे". पत्र दुपारी तीनला, माहिती द्यायची मुदत त्याच दिवशी दोनची. हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही, असं पत्र खरंच आलं होतं.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 आम्हाला डीएडला पाठ करायला लावलं होतं. दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका, एवढं सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरचं काम द्यायचं नाही. निवडणुकीच्या फटीतून सरांचं बीएलओचं काम बसवतात, ठीक आहे, बसवा. शेळीनं खाल्लेलं रोप कुठल्या आपत्तीत बसतं तेवढं सांगा.

आणि यावर कडी म्हणजे 28 जुलै 2025 चा शासन निर्णय. सरकारी कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमांचा वापर कसा करावा. सरकारच्या धोरणांवर टीका करायची नाही. योजनेच्या यशाबद्दल लिहायला हरकत नाही, पण त्यात स्वतःची स्तुती नको. हे एकवेळ गिळलं. पण त्यातच लिहिलंय की वैयक्तिक खातं आणि कार्यालयीन खातं वेगवेगळं ठेवा. इथं मात्र मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला.

वेगळं ठेवा? कुठून ठेवू? दिलाय का तुम्ही मोबाइल? दिलंय सिमकार्ड? माझ्या नंबरवर तुमचे अकरा ग्रुप आहेत. केंद्राचा, तालुक्याचा, पोषण आहाराचा, परीक्षेचा, "फक्त माहिती" नावाचा आणि "फक्त माहिती 2" नावाचा. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यातून मी पटसंख्या पाठवली आहे. माझ्या गॅलरीत स्वतःच्या लेकीचे फोटो शोधायला खिचडीच्या ताटांचे चारशे फोटो सरकवावे लागतात. राबवून घेताना तो नंबर कार्यालयीन, रात्री दहालाही कार्यालयीन, रविवारीही कार्यालयीन. नोटीस पाठवायलाही कार्यालयीन. मी दोन ओळी लिहिल्या की तेवढ्यापुरता तो "खासगी वापर"! 2024 मध्ये राज्यभरातले शिक्षक हे असले प्रशासकीय ग्रुप सोडून बाहेर पडले होते. मीही पडले होते. मग एकेक करून परत घेतलं, विचारलंही नाही. दळण परत सुरू.

आता येतील सांगणारे. "सत्तर हजार पगार घेता, कुरकुर कसली? कंपनीत काम करून बघा." दीर हेच म्हणाले, हिंजवडीत असतात. त्यांना म्हटलं, तुमच्या कंपनीनं तुम्हाला लॅपटॉप दिलाय ना? झालं, गप्प. पगार घेते, नाही म्हणत नाही, आणि तो शिकवायचा घेते. शिकवू द्या की मग! एका पालकानं परवा तोंडावर सुनावलं, "बाई, तुम्ही दिवसभर मोबाइलमध्येच असता." काय उत्तर देणार? बरोबर बोलला तो. त्याला दिसतंय ते खरंच आहे.

मजा अशी की याच फोनवरून मी कागदी पिशव्यांचा उपक्रम टाकला तेव्हा त्याच साहेबांचा अंगठा आला होता. "छान उपक्रम, अभिनंदन." पंचवीस जणांनी री ओढली. त्या पिशव्या मुलांनी अर्ध्या तासात फाडल्या, पण पोस्ट अजून आहे. तोंडभरून गोड लिहा, ती समाजमाध्यमाची प्रभावी हाताळणी. भागाकार राहिला म्हणा, की गैरवर्तन.

एका मैत्रिणीनं त्रिपुरा उच्च न्यायालयाच्या जानेवारी 2020 मधल्या निकालाची बातमी पाठवली. मत्स्य विभागातल्या एका बाईंना निवृत्ती दारात असताना राजकीय सभेला गेल्यावरून आणि पोस्टवरून निलंबित केलं होतं, आणि न्यायालय म्हणालं की सरकारी नोकर झाला म्हणून माणसाचं बोलण्याचं स्वातंत्र्य जात नाही. वाचून बरं वाटलं. केंद्रप्रमुखांना पाठवलं. ते म्हणाले, "मॅडम, कोर्ट आगरतळ्याला आहे, बीआरसी इथं आहे. अनवधानाने झालं असं लिहा, मी बघतो." (बीआरसी म्हणजे तालुक्याचं गट साधन केंद्र, साहेब तिथंच बसतात.) केंद्रप्रमुख माणूस वाईट नाही. त्यांच्याही फोनवर अकरा ग्रुप असतील, कदाचित बावीस.

लिहिलं. "अनवधानाने." दोन प्रतींत. भागाकार अनवधानाने राहिला की स्टेटस अनवधानाने ठेवलं, हे मुद्दाम मोघम ठेवलंय, तेवढीच माझी मर्दुमकी.

द्यायला गेले त्या दिवशी किरकोळ रजा टाकावी लागली, कारण समक्ष सादर करायचं होतं. सर यादीच्या बैठकीला. शाळा शेजारच्या वस्तीवरच्या गुरुजींच्या भरवशावर, म्हणजे ते दोन शाळा सांभाळणार. साडेबाराला बीआरसीच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसले होते, तर ग्रुपवर मेसेज, आजचा आहाराचा फोटो प्रलंबित, खाली आमच्या शाळेचं नाव. खिचडीवाल्या मावशींच्या मुलाला फोन केला. तो चौथऱ्यावर चढला, फोटो काढला, मला पाठवला, मी तिथूनच चढवला. आत साहेब माझ्या स्टेटसचा रंगीत प्रिंट फाइलला लावत होते. छान आला होता प्रिंट, "भागाकार" अगदी ठळक.