रविवारची बारा मिनिटं

आमच्या घरात गेलं दीड वर्ष एक पाहुणा मुक्काम ठोकून आहे. तो काही मागत नाही, आवाज करत नाही. फक्त रात्री दिवा मालवला की आम्हा नवरा-बायकोच्या मधे येऊन आडवा होतो. 'तिकडे राहायला जायचं का?' हे त्याचं नाव.

तिकडे म्हणजे, शहर जिथे संपतं असं आम्ही लहानपणी समजत होतो, त्याच्याही बरंच पुढे. पाच वर्षांपूर्वी तिथे एक रस्ता होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काहीच नव्हतं. आता दोन्ही बाजूंना सगळं आहे. रस्ता मात्र तोच आहे.

या पाहुण्याला घरात आणून सोडलं ते माझ्या मेहुण्याने. तो तीन वर्षांपूर्वी तिकडे गेला. नुकताच व्यायाम सुरू केलेला माणूस आणि नुकताच उपनगरात गेलेला माणूस, या दोघांनाही एकट्याने सुखी होता येत नाही. पहिल्याच भेटीत त्याने मला चौदाव्या मजल्याच्या गॅलरीत उभं केलं आणि म्हणाला, "दाजी, श्वास घ्या."

"घेतोय की."

"असा नाही. खोल. पोटातून."

मी पोटातून घेतला. शेजारी सोळाव्या मजल्याचा स्लॅब चालू होता. मला ओळीने सात शिंका आल्या. "बघा," मेहुणा बायकोकडे वळून म्हणाला, "ताई, इतकी वर्षं तिथलं साठलेलं बाहेर पडतंय."

आता आमचं सध्याचं घर काही राजवाडा नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही, खोल्या अडीच. त्यातल्या अर्ध्या खोलीला आम्ही 'अभ्यासिका' म्हणतो आणि तिथे इस्त्रीचे कपडे अभ्यास करतात. शेजारची इमारत इतकी जवळ की तिथले काका शिंकले की आमचा पडदा हलतो. लेकीची मागणी एकच आहे: "मला दार असलेली खोली हवी." ती पंधरा वर्षांची आहे. दार कशाला, असं विचारण्याची सोय नाही. लावायला, एवढंच उत्तर येतं.

तर दार बघायला म्हणून आम्ही एका रविवारी सकाळी निघालो. रस्ते मोकळे होते, सिग्नल हिरवे होते. 'हमरस्त्यापासून बारा मिनिटं' असं जाहिरातीत लिहिलं होतं आणि घड्याळ लावून बघितलं तर खरोखर बाराच मिनिटं लागली. मी इतका भारावलो की गाडीतून उतरताना मनातल्या मनात खुर्च्या कुठे ठेवायच्या ते ठरवून मोकळा झालो.

विक्री कार्यालयात काचेखाली सगळ्या वसाहतीची प्रतिकृती मांडलेली होती. मी अशा प्रतिकृती फार बारकाईने बघतो. त्यातली बोटभर माणसं नेहमी जोडीने फिरत असतात, कुणाच्याच हातात पिशवी नसते, कुणीच लिफ्टची वाट बघत नसतं. रस्त्यावर मोजून अकरा मोटारी होत्या. त्या एकमेकींपासून सभ्य अंतर राखून उभ्या होत्या.

विक्री करणारा तरुण इतका गोड बोलत होता की त्याच्या वाक्यातला एक शब्द माझ्या कानावरून नुसता घरंगळत गेला. तो शब्द बायकोने पकडला. ती पेनाने कागदावर रेघा मारत होती. मला वाटलं, कंटाळून नक्षी काढतेय. बाहेर पडल्यावर तिने कागद दाखवला. "सतरा," ती म्हणाली. "सतरा वेळा 'प्रस्तावित' म्हणाला." प्रस्तावित शाळा, प्रस्तावित रुग्णालय, प्रस्तावित उड्डाणपूल, प्रस्तावित मेट्रो, प्रस्तावित बाग. प्रस्तावित नसलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे हप्ता.

वेगाने वाढणाऱ्या ठिकाणाची गंमतच ही. तिथे माणसं आधी पोचतात आणि गाव मागून येतं. शाळेची इमारत उभी राहीपर्यंत ज्या मुलांसाठी ती बांधायची होती, ती कॉलेजात गेलेली असतात. झाडंही तशीच. 'घनदाट वृक्षराजी' बघायला गेलो, तर प्रत्येक रोपाला आधाराची एकेक काठी बांधलेली होती आणि सावली काठीचीच पडत होती.

मग नमुना घर. इथे मला थोडं थांबलं पाहिजे, कारण माझी इभ्रत तिथे गेली. आत शिरताच घर प्रशस्त वाटलं. इतकं प्रशस्त का वाटतंय हे कळेना. लेक सगळ्या खोल्यांतून फिरून आली आणि म्हणाली, "बाबा, इथे एकाही खोलीला दार नाहीये." खरंच नव्हतं. नुसत्या चौकटी. जिच्या दारासाठी एवढी यातायात, तिला बिनदाराचं घर दाखवायला आणलं होतं! "प्रत्यक्षात दारं असतात सर," तरुण म्हणाला. दार उघडायला जी जागा लागते, ती वाचवून तिला प्रशस्तपणा म्हणण्याची कल्पना मला आवडली.

झोपण्याच्या खोलीत ऐसपैस पलंग होता, दोन्ही बाजूंना चालायला जागा होती. मला शंका आली. तरुणाची पाठ वळल्यावर मी चटकन आडवा होऊन बघितलं. पावलं घोट्यापासून बाहेर. मी काही उंच माणूस नाही. पलंगच आखूड होता! मी तसाच पडून या शोधाचा आनंद घेत असताना तरुण दुसऱ्या एका कुटुंबाला घेऊन आत आला. "आणि ही मुख्य शयनकक्षाची..." एवढंच बोलून तो थबकला. त्या कुटुंबातल्या आजींनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "हे घरासोबतच येतात का?"

निघताना तो तरुण म्हणाला, "शहराच्या सोयी आणि गावाची शांतता, दोन्ही एकत्र, सर." हे वाक्य त्याला स्वतःचं वाटत होतं. प्रत्यक्षात १८९८ साली एबनेझर हॉवर्ड नावाच्या इंग्रजाने हेच तीन लोहचुंबकांचं चित्र काढून सांगितलं होतं: एक शहराचा, एक खेड्याचा आणि तिसरा दोन्हींतलं चांगलं तेवढं घेतलेला. पण हॉवर्डने पुढे एक अट घातली होती. बत्तीस हजार माणसं झाली की थांबायचं आणि नवं नगर दुसरीकडे वसवायचं. सव्वाशे वर्षांत त्या चित्रातलं चुंबक आमच्यापर्यंत पोचलं, अट वाटेत कुठेतरी पडली.

घरी आल्यावर बायकोने वहीत दोन रकाने आखले. जावं. जाऊ नये. मला हे शास्त्रशुद्ध वाटलं, कारण चार्ल्स डार्विननेही १८३८ साली लग्नाबद्दल अशीच यादी केली होती. 'करावं'च्या बाजूला त्याने लिहिलं होतं की आयुष्याला सोबत होईल, कुत्र्यापेक्षा तरी बरी. (हे मी बायकोला वाचून दाखवलं नाही.) 'करू नये'च्या बाजूला वेळ वाया जाईल, पुस्तकांना पैसे उरणार नाहीत, वगैरे. आणि त्यातच एक भीती होती: बायकोला लंडन आवडलं नाही, तर हद्दपारी आणि आपण आळशी, रिकामटेकडे होऊन बसणार! पुढे काय झालं? १८३९ मध्ये लग्न झालं, १८४२ मध्ये स्वारी लंडन सोडून डाउन नावाच्या खेड्यात राहायला गेली आणि मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, तिथेच राहिली. सजीवांच्या जाती कशा निर्माण झाल्या, यावरचं प्रसिद्ध पुस्तकही तिथेच लिहून काढलं.

"बघ, माणसाचं डोकं मोकळ्या हवेत चालतं," मी म्हणालो.

"त्यांना रोज नऊच्या ठोक्याला ऑफिसात अंगठा लावायचा नव्हता," बायको म्हणाली आणि 'जाऊ नये'च्या रकान्यात 'अंगठा' असं लिहिलं.

दोन्ही रकाने भरत गेले. आमच्या यादीचा घोटाळा असा की यादी स्थिर आणि उपनगर चालतं. 'समोर मोकळं मैदान' असं आम्ही मार्चमध्ये 'जावं'खाली लिहिलं. ऑगस्टमध्ये मैदानात पाया खणलेला. 'दवाखाना लांब' हे 'जाऊ नये'खाली लिहिलं आणि मेहुण्याचा फोन आला की त्याच्या इमारतीच्या तळमजल्यावर दातांचे तीन दवाखाने उघडले. तीन! ताप आला तर काय करायचं, दात दाखवायचे? दर दोन महिन्यांनी खाडाखोड करून वही इतकी बरबटली की शेवटी दोन्ही रकान्यांत फक्त 'मेहुणा जवळ' एवढंच वाचता येत होतं.

भाषेने तरी काही इशारा दिलाय का, म्हणून मी शब्दाकडे वळलो. उपनगर. 'उप' लागला की नक्की काय होतं? उपकारही त्यातलेच, उपचारही त्यातलेच, उपद्रवही त्यातलाच. आणि राहायला गेल्यावर होते ती उपरती.

शेवटी बायको म्हणाली, "रविवार बघितला, आता मंगळवार बघा." हे इतकं साधं वाक्य मला दीड वर्षात सुचलं नव्हतं. सोमवारी रात्री मेहुण्याकडे मुक्काम केला. रात्री खाली फिरायला गेलो, तेव्हा मात्र मी डळमळलो, हे कबूल करतो. त्याची आठ वर्षांची पोरगी आतल्या रस्त्यावर सायकल शिकत होती. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. ती पडली, उठली, पुन्हा बसली. आमच्या गल्लीत लेकीची सायकल जिन्याला कुलूप लावून चार वर्षं उभी होती, मग आम्ही ती देऊन टाकली. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळलं नाही.

सकाळी साडेसातला निघालो. ती प्रसिद्ध बारा मिनिटं संपली तेव्हा आमची बस वसाहतीच्या फाटकातच होती. सगळ्या इमारतींतली सगळी माणसं एकाच वेळी एकाच रस्त्यावर ओतली गेली होती. प्रतिकृतीतल्या त्या अकरा मोटारी पहिल्या वळणावरच संपल्या असत्या. मेहुण्याने निघतानाच धीर दिला होता, "दाजी, रस्ता रुंद होणार आहे." पण १९६२ सालीच अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने सांगून ठेवलंय की शहरातला वेगवान रस्ता कितीही मोठा करा, गर्दीच्या वेळी गाड्या वाढून वाढून त्याला पुरतातच. २०११ मध्ये ड्युरँटन आणि टर्नर या दोघांनी अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासली, तर जेवढे रस्ते वाढले, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांचं धावणंही वाढलेलं निघालं. रस्ता रुंद होणं म्हणजे पट्टा सैल करण्यासारखं आहे. कंबर लगेच तिथवर पोचते.

माझ्या शेजारी एक गृहस्थ होते. त्यांनी बॅगेतून मानेची उशी काढली, फुगवली, गळ्यात घातली, चष्मा काढून वरच्या खिशात ठेवला, तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात खोचलं. एकही हालचाल जास्तीची नाही. शास्त्रीय गायक तंबोरा जुळवतो तसं.

"बरेच दिवस राहताय का इकडे?" मी विचारलं.

"तीन वर्षं."

"कसं आहे राहायला?"

त्यांनी डोळे मिटलेले होते. जरा विचार केला. "रविवारी छान असतं," ते म्हणाले आणि उशी असूनही माझ्या खांद्यावर कलंडले.

माझ्या ऑफिसच्या दारात पोचायला एक तास पन्नास मिनिटं लागली. संध्याकाळी परत मेहुण्याकडे जायला तेवढीच. चेझारे मार्केट्टी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस कुठल्याही काळातला असो, पायी जाणारा असो की मोटारीतला, दिवसाला सरासरी तासभरच प्रवास करतो. वाहन वेगवान झालं की तो वेळ वाचवत नाही, लांब राहायला जातो. त्या हिशोबाने मी मंगळवारीच जवळजवळ शुक्रवारपर्यंतचा कोटा संपवला होता. शिवाय फ्राय आणि स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये जर्मनीतल्या लोकांच्या पाहणीवरून दाखवलंय की लांबून ये-जा करणारे लोक एकंदरीत कमी समाधानी असतात. मोठं घर किंवा जास्त पगार ती तूट भरून काढत नाही. हे मी मेहुण्याला ऐकवलं.

"दाजी," तो शांतपणे म्हणाला, "त्यांच्याकडे क्लब हाऊस नसणार."

बुधवारी घरी परतलो, तर बायको फीत घेऊन सासूबाईंच्या जुन्या लाकडी कपाटाशी उभी. हे कपाट या सगळ्या प्रकरणातला चौथा मतदार आहे. नमुना घरात ते कुठे बसेल, लिफ्टमध्ये मावेल का, तिथल्या दारातून जाईल का, अशी सगळी मापं तिने जाहिरातीच्या पाठीमागे लिहून ठेवली होती. माप सगळीकडे बसत होतं.

"मग अडचण काय?" मी बूट काढत विचारलं.

तिने फितीचं टोक माझ्या हातात दिलं आणि मला आमच्याच दाराच्या चौकटीला उभं केलं. एकदा मोजलं. आडवं, तिरकं, कपाट पालथं धरलं तर, सगळं मोजलं. दोन इंच कमी. कपाट नव्या घरात जात होतं, या घरातून बाहेर येत नव्हतं.

आम्ही दोघं फीत धरून उभे राहिलो.

"मग ते आत आलं कसं?" बायको म्हणाली.

सासूबाईंना फोन केला, त्यांना आठवेना. मेहुण्याला लावला, तो म्हणाला, इथे दारं मोठी आहेत. लेक टॉर्च घेऊन कपाटाखाली शिरली आणि सांधे शोधू लागली. कुणी म्हणालं खिडकीतून, कुणी म्हणालं दार मागाहून बदललं असेल. रात्री दीडपर्यंत तोच विषय चालला होता.