प्रार्थनेनं मॅच जिंकत नाहीत हो

अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या एका शाळेच्या टीमनं ‘प्रार्थनेच्या जोरावर सलग १५१ मॅच जिंकल्या’ असं लेखात वाचलं, हे काही पटलं नाही बुवा. मग २००४ ला हरले तेव्हा काय प्रार्थना कमी पडली? बॉब लॅडूसर कॅलिफोर्नियातल्या त्या कॅथलिक शाळेत, डे ला सालमध्ये, नुसता कोच नव्हता, धर्माचा तासपण घ्यायचा, लेखात हे आलंच नाही आणि खरी गोम तिथेच आहे. पोरं कार्डावर आपापलं टार्गेट लिहून सगळ्यांसमोर वाचायची, मैदानात हातात हात धरून यायची.

आम्ही वसईचे, आमचा फुटबॉल वेगळा, पण शिकवणारे फादर तसलेच. हरलो तर एक शब्द नाही, पण समोरच्याला पाडून उठवायला हात दिला नाही की भर उन्हात ग्राउंडला दहा राउंड, तेही अनवाणी.