खुलासा: जिन साओतोमे आला कुठून?

‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम’ या झुंजीच्या व्हिडिओ गेममधला योद्धा जिन साओतोमे त्याच गेमसाठी जन्माला आला, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. तो गेम १९९८चा. जिन मात्र १९९५च्या ‘सायबरबॉट्स’ या कॅपकॉम कंपनीच्याच आर्केड गेमचा नायक. तिथे पायलट आणि अजस्र रोबो वेगवेगळे निवडायचे, मग समोरासमोर झुंज. जिनचा रोबो ब्लोडिया त्याहूनही जुना, १९९४च्या ‘आर्मर्ड वॉरियर्स’मधला. तो मात्र शत्रूंच्या टोळ्या झोडपत पुढे सरकायचा गेम, पडलेल्या यंत्रांचे हात-पाय उचलून स्वतःला जोडायचे (माझ्या मते खरी गंमत तीच!). गैरसमज होणं साहजिक आहे: ‘सायबरबॉट्स’ची प्लेस्टेशन आणि सॅटर्न या घरगुती कन्सोलवरची आवृत्ती १९९७मध्ये फक्त जपानमध्येच निघाली.