दमट शहरासाठी फिरणारी ती यादी कोरड्या उन्हाची आहे

उष्ण कटिबंधातल्या दमट शहरात जाताना सामान कसे भरावे, याची एक यादी समाजमाध्यमांवर सतत पुढे पाठवली जाते. तिच्यातले दावे थोडक्यात असे आहेत: कपडे शंभर टक्के सुतीच घ्यावेत, ते जितके आखूड तितके बरे, उबदार कपडा म्हणजे निव्वळ ओझे, छत्रीपेक्षा रेनकोट सोयीचा, आभाळ भरलेले असेल तर सनस्क्रीन लागत नाही, घामोळ्यांवर पावडर पुरते, आणि औषधे कुठल्याही बॅगेत टाकली तरी चालतात. यादी करणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण तिच्यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला कोरड्या उन्हाला लागू पडणारा आहे आणि दमट हवेत तो प्रवाशाला अडचणीत आणतो, म्हणून तिचे मुद्दे एकेक करून तपासणे आवश्यक वाटते.

त्याआधी दमट हवेत नेमके काय बदलते ते पाहू. शरीराला गारवा घाम येण्याने नव्हे, तर तो वाळण्याने मिळतो. एक ग्रॅम घामाची वाफ होताना त्वचेवरून सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता निघून जाते; तोच घाम थेंबाथेंबाने ओघळून गेला, तर शरीराच्या पदरात जवळजवळ काहीच पडत नाही. वाळवंटातल्या शहरात पारा ४० अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्क्यांवर असली, तर घाम दिसायच्या आधीच उडून गेलेला असतो. याउलट सिंगापूरमध्ये दिवसाचे कमाल तापमान सहसा ३१ ते ३३ अंशांच्या पुढे जात नाही. मात्र पहाटे तिथली सापेक्ष आर्द्रता बहुधा ९० टक्क्यांच्या वर असते, पाऊस नसलेल्या दुपारीही ती साधारण ६० टक्क्यांपर्यंतच उतरते, आणि रात्रीचा पारा २३ ते २५ अंशांच्या खाली क्वचितच जातो. अशा हवेत त्वचा, शर्ट, बूट, टॉवेल यांपैकी काहीच लवकर वाळत नाही. त्यामुळे बॅगेत ठेवायच्या प्रत्येक वस्तूबद्दल ती किती हलकी आहे, याच्या आधी ती ओली झाल्यावर किती वेळात वाळेल, हे विचारावे लागते.

सुती कपड्यांचा दावा या प्रश्नापुढे टिकत नाही. प्रमाणित परिस्थितीत, म्हणजे २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असताना, कापसाचा धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिस्टरच्या बाबतीत हे प्रमाण ०.४ टक्के असते. कोरड्या उन्हात कापसाचा हा गुण उपकारक ठरतो, कारण भिजलेला कपडा वाळता वाळता अंगाला गारवा देतो. दमट हवेत तोच कपडा भिजतो, जड होतो, अंगाला चिकटून बसतो आणि संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. काखेत आणि मांड्यांमध्ये कातडी सोलवटून निघण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. याचा अर्थ सुती कपडे टाकून द्यावेत असा मुळीच नाही. पातळ, विरळ विणीचा, सैल सुती किंवा लिननचा सदरा उत्तमच. खरा दोष जाड विणीचा आहे, आणि तो यादीत आलेलाच नाही. जीन्स शंभर टक्के सुती असू शकते, आणि दमट शहरात ती धुतली तर दुसऱ्या दिवशीही कमरेच्या पट्ट्याशी व खिशांशी ओलीच सापडते. अंतर्वस्त्रे, मोजे आणि दिवसभर चालण्याचे कपडे यांसाठी पातळ, जाळीदार विणीचे कृत्रिम किंवा मिश्र धाग्याचे कापड अधिक उपयोगी पडते. पॉलिस्टर घामाचा वास जास्त धरून ठेवते, हा त्याच्यावरचा आक्षेप खरा आहे. पण जो कपडा रात्री धुऊन, कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळला की सकाळी घालता येतो, त्याच्या बाबतीत या आक्षेपाला फारसे वजन राहत नाही. शिवाय असे तीन-चार जोड आलटून पालटून वापरता येत असल्याने बॅग आपोआपच हलकी होते.

आखूड कपड्यांचा सल्ला अर्धा खरा आहे. सावलीत, वारा असताना उघड्या त्वचेवरचा घाम लवकर वाळतो, यात शंका नाही. मात्र विषुववृत्ताजवळ दुपारचा सूर्य वर्षभर जवळपास डोक्यावर असतो आणि अतिनील किरणांचा निर्देशांक अनेकदा ११ च्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या श्रेणीत ही सर्वांत वरची पायरी आहे. त्यात डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळच्या पहिल्या तासांत आणि सूर्यास्ताच्या आधी, म्हणजे नेमका फिरायला बाहेर पडण्याच्या वेळी. सैल, पातळ, पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यातून हवा खेळती राहते, आणि ऊन व डास या दोहोंपासून बरेचसे संरक्षण मिळते. यादीने ही पूर्ण बाही चैन ठरवून वगळली आहे, आणि मला तिच्यातली ही सर्वांत घातक चूक वाटते. उघड्या राहिलेल्या त्वचेसाठी डीट किंवा पिकॅरिडिन असलेले डासप्रतिबंधक घ्यावे; डीटमुळे प्लास्टिक आणि काही कृत्रिम धागे खराब होतात, हे घड्याळ व चष्मा हाताळताना लक्षात असू द्यावे.

उबदार कपडा नको म्हणणाऱ्याने वातानुकूलनाचा विचार केलेला नाही. अशा शहरांतली कार्यालये, दुकाने, बस आणि चित्रपटगृहे पुष्कळदा २० ते २२ अंशांपर्यंत गार केलेली असतात, आणि भिजलेल्या शर्टानिशी तिथे तासभर बसणे थकवणारे ठरते. जाड स्वेटर नको. बाह्यांचा एक पातळ थर किंवा मोठी ओढणी पुरते. याच तफावतीचा त्रास कॅमेऱ्यालाही होतो. बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते ते, २४ अंशांच्या आसपास असेल, तर २१ अंशांच्या खोलीतून काढलेल्या लेन्सवर बाहेर पडताक्षणी बाष्प जमते. खोलीतच कॅमेरा हवाबंद पिशवीत घालावा आणि बाहेर आल्यावर तो हवेइतका गरम झाला की मगच पिशवी उघडावी.

रेनकोटबद्दल थोडक्यात सांगता येईल. श्वास घेणारे म्हणून विकले जाणारे कापड आतली वाफ बाहेर टाकते, ते आतल्या आणि बाहेरच्या हवेतील बाष्पाच्या फरकाच्या जोरावर. बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असली की तो फरक जेमतेम उरतो आणि माणूस पावसाऐवजी घामाने भिजतो. छत्री पावसात आणि उन्हात दोन्हीकडे कामी येते. वाऱ्याच्या झोताने पाऊस आडवा येत असेल, तर आडोशाला थांबणेच बरे.

ढगाळ दिवसाच्या दाव्याला उत्तर सोपे आहे. पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण पार होतात, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. घामात टिकणारे सनस्क्रीन घ्यावे, दर दोन तासांनी पुन्हा लावावे, आणि डासप्रतिबंधक त्याच्यावरून लावावे. दोन्ही एकाच नळीत असलेले उत्पादन टाळलेले बरे, कारण सनस्क्रीन वारंवार लावावे लागते आणि डासप्रतिबंधक तितक्या वेळा लावायचे नसते.

घामोळी येतात ती घामाच्या नलिका तुंबल्यामुळे. घामाने थबथबलेल्या त्वचेवर पावडरचा थर दिला की त्याचा लगदा होतो आणि तुंबणे वाढू शकते. दाट, तेलकट क्रीमचेही तसेच. उपाय म्हणजे त्वचेला दिवसातले काही तास गार आणि कोरडे राहू देणे, सैल कपडे घालणे आणि भिजलेला कपडा लगेच बदलणे. पावलांनाही हाच नियम लागू आहे: बुटांचे दोन जोड घेऊन एक दिवसाआड वापरले, तर प्रत्येकाला वाळायला पूर्ण दिवस मिळतो आणि बोटांच्या बेचक्यांत बुरशी धरत नाही. शरीराला या हवेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, पण सवय झाल्यावर घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, त्यामुळे बदलायच्या कपड्यांची गरज नंतरही कमी होत नाही.

औषधांविषयीचा दावा मात्र वाचून सोडून देण्यासारखा नाही. बऱ्याच गोळ्यांच्या वेष्टनावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना असते, आणि उन्हात उभ्या मोटारीत ठेवलेली बॅग ही मर्यादा सहज ओलांडते. इन्सुलिन विमानात हातातल्या बॅगेतच ठेवावे, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही आणि सामानाच्या कप्प्यातली बॅग वाटेत हरवूही शकते. रक्तशर्करा तपासण्याच्या पट्ट्या दमटपणाने बिघडून चुकीचे आकडे दाखवू शकतात, म्हणून डबीचे झाकण पट्टी काढताच घट्ट लावावे. तासन्‌तास घाम गाळून नुसते पाणीच पीत राहिल्यास रक्तातले सोडियम उतरू शकते, तेव्हा क्षार-साखरेची काही पाकिटे जवळ असावीत, आणि वेष्टनावर लिहिलेल्या पाण्यातच ती पूर्ण विरघळवावीत. मूत्रल (लघवीचे प्रमाण वाढवणारी) औषधे किंवा घाम कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. गोळ्या साप्ताहिक डबीत आधीच काढून ठेवण्याची सवय या हवेत सोडून द्यावी, कारण कॅप्सूल एकमेकींना चिकटतात आणि पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या ओल धरतात; त्या मूळ वेष्टनातच राहू द्याव्यात, न्हाणीघरातल्या फळीवर ठेवू नयेत, आणि बाटलीत ओलावा शोषणारी पुडी असेल तर ती फेकू नये.