ताशी कितीला?

आज संध्याकाळी मुंबईच्या कूपरेज या फुटबॉल मैदानाच्या जाळीपाशी एक शाळकरी मुलगा उभा होता. पिशवीला बूट लटकवलेले. आत बराच वेळ बघून त्यानं वॉचमनला विचारलं, "काका, हा टर्फ ताशी कितीला मिळतो?" काकांनी नुसती मान हलवली आणि पोरगा चर्चगेटकडे चालू लागला.

टर्फ! तासाच्या भाड्यानं खेळायची जागा! कूपरेजला टर्फ!

समोरच्या ओव्हलवर काय खेळतात हे मुंबईत कुणाला सांगावं लागत नाही. रस्त्याच्या या बाजूबद्दल मात्र सगळे कोरे. कूपर म्हणजे लाकडी पिंपं बांधणारा कारागीर, त्यावरून हे नाव पडलं. हे रोव्हर्स चषक या जुन्या फुटबॉल स्पर्धेचं मैदान. तो चषक 1891 पासूनचा, आधी सगळा गोऱ्या पलटणींचा. 1923 मध्ये कलकत्त्याचा मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत आला आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्री या पलटणीकडून 4-1 हरला. 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्सनी तो पहिल्यांदा आपल्याकडे आणला. मग प्रशिक्षक रहीमसाहेबांच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी 1950 ते 1954 सलग पाच वर्षं तो कुणाला हातही लावू दिला नाही. 2000-01 नंतर स्पर्धाच बंद. आपल्यापैकी किती जणांना त्याचं वाईट वाटलं?

महिंद्रा युनायटेडचं घरही हेच. 2005-06 ची राष्ट्रीय लीग डेरिक परेराच्या हाताखाली या मुंबईच्या संघानं जिंकली. 2010 मध्ये संघच उरला नाही. मुंबई एफसी ही दुसरी टीम 2007 मध्ये आली. मैदानाचं काम निघालं तेव्हा तिला घरचे सामने पुण्यात, बालेवाडीला खेळावे लागले. मुंबईचा संघ आणि घर पुण्यात! कूपरेजला परत आली, पण 2017 मध्ये तिचाही कारभार आटोपला. तिला वर्षानुवर्षं टिकवून धरणारा प्रशिक्षक खालिद जमील त्याच 2017 मध्ये मिझोरामच्या आयझॉल संघाला देशाच्या लीगचा विजेता करून गेला. हे आठवलं की अजून जीव तुटतो.

मान्य, गवत असताना पावसाळ्यात चिखल व्हायचा आणि कृत्रिम हिरवळीवर दिवसाला कितीतरी जास्त सामने बसतात. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या योजनेतून ती आली, चांगलंच झालं. पण एकदा अंथरली की काम संपलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ऐकावं.

ते 40 ते 60 मिलिमीटर उंच प्लास्टिकचे धागे असतात. त्यांच्या बुडाशी वाळू भरतात, तिच्या वजनानं गालिचा जागेवर राहतो. वर रबराचे काळे दाणे, ते पायाला मऊपणा देतात. हे दाणे बुटांतून घरी जातात. गोलसमोर, पेनल्टीच्या ठिपक्यावर आणि कॉर्नरला सगळ्यात आधी कमी होतात. मग धागे आडवे पडतात, चेंडू घसरत पळतो आणि पोरांचे गुडघे थेट वाळूवर घासतात. उपाय साधा आहे. धागे ज्या बाजूला झुकलेत त्याच्या उलट दिशेनं ब्रश फिरवायचा, मग त्या तीन ठिकाणी दाणे भरायचे. रोज खेळ असेल तर हे दर आठवड्याला. जूनच्या आधी कडेच्या नाल्या उपसायच्या. पाणी तुंबलं की रबर तरंगतं आणि वाहून जातं, जोडपट्टीचा गोंद सुटतो, कड वर येते आणि पाय तिथेच अडकतो. एप्रिल-मेच्या दुपारी काळे दाणे इतके तापतात की सामन्याआधी पाणी मारावं लागतं, आणि ते लगेच वाळतं.

हिरवळ अजून जिवंत आहे का, ते चेंडू सांगतो. दोन मीटरवरून सोडायचा. 60 सेंटिमीटर ते एक मीटर उसळला तर ठीक. त्याहून जास्त उसळला तर खाली मऊपणा उरलेला नाही. हे करायला परदेशातून माणूस आणावा लागत नाही.

त्या पोराचा सुरुवातीला राग आला होता. लिहिता लिहिता उतरला. त्यानं आयुष्यात पाहिलंय काय? जाळी, फ्लडलाइट आणि तासाचा दर. मैदान म्हणजे भाड्याची जागा, हे त्याला आपणच शिकवलं. भाड्यावर देखभालीचा खर्च निघतो हे खरं, नाही म्हणत नाही. पण रोव्हर्सचं नाव त्याच्या कानावर कुणी घातलं? कूपरेजमध्ये बसून सामने पाहिलेल्यांनी तरी घरच्या पोरांना सांगितलं का? आजची टीम मुंबई सिटी अंधेरीला खेळते, पोरं तिची जर्सी घालून फिरतात, छान आहे. त्याच पोरांना एकदा कूपरेजच्या दारापर्यंत तरी न्या.

आणि तो मुलगा कुणाच्या ओळखीचा असेल तर एक निरोप द्या. त्याच्या पिशवीवरच्या बुटांच्या तळाला लांब, चपटे दात (ब्लेड) होते, म्हणजे गवतावरचे. कृत्रिम हिरवळीवर ते रुततात, पाय जागीच राहतो आणि गुडघा पिळतो. तळाला आखूड, गोल आणि जास्त खुंट (स्टड) असलेले घे म्हणावं.