पुणे आणि पाणी, दोन्हींचे 'पण'

काल रात्री ९ वाजता जे पान उघडायला हवे होते, ते पहाटे २ वाजता उघडले. गावोगावच्या इतिहासावरील लेखांचे संकेतस्थळ मी जँगोमध्ये (पायथन या संगणक-भाषेतली, संकेतस्थळे बांधण्याची चौकट) करत आहे आणि लेखांचे पत्ते देवनागरीत असावेत, एवढीच माझी अपेक्षा होती. 'लेख/किल्ले' टाकले की ४०४, म्हणजे 'पान सापडले नाही'. माझा राउट (कोणत्या पत्त्यावर कोणते पान, हे सांगणारा नियम) वरच्या यादीत डोळ्यांसमोर दिसतो आहे आणि खाली मात्र यांपैकी एकाशीही पत्ता जुळत नाही असे लिहिलेले! लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमध्ये, पाहावे तर तिथे टक्क्याच्या चिन्हांची माळ. 'पुणे' एवढ्याशा शब्दाची तिथे ३६ चिन्हे होतात, त्यांत काय चुकले हे कोणत्या डोळ्यांनी शोधायचे?

दोन तास मी सेटिंग्ज, इन्क्लूड, राउट्सचा क्रम, सगळे खालीवर केले. दोष निघाला स्लग कन्व्हर्टरमध्ये (पत्त्यातला लेखाच्या नावाचा तुकडा, म्हणजे स्लग, ओळखणारा भाग), कारण तो इंग्रजी अक्षरे, इंग्रजी अंक, हायफन आणि अंडरस्कोअर सोडून काहीच ओळखत नाही. मग स्वतःचा कन्व्हर्टर लिहिला आणि त्याच्या रेजेक्समध्ये (मजकूर जुळवण्याच्या सूत्रात) बॅकस्लॅश डब्ल्यू, म्हणजे 'शब्दातले कोणतेही अक्षर', घातले; पायथन ३ मध्ये त्यात युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांची, अक्षरे येतात, हे आपण सगळेच धरून चालतो. 'गड' उघडले. 'किल्ले' पुन्हा ४०४. 'नगर' उघडले, 'पुणे' नाही. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की पायथनच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पायमोडके चिन्ह हे शब्दाचे भागच नाहीत. युनिकोडचे तांत्रिक प्रमाण क्र. १८ ही चिन्हे शब्दात धरावीत असे स्पष्ट सांगते, तरीही आमच्या भाषेतले निम्मे लेखन विरामचिन्हांच्या पंक्तीत बसवलेले आहे, आणि याचा मला मनापासून संताप येतो.

शीर्षकावरून स्लग बनवणाऱ्या जँगोच्या स्लगिफायने तर कहरच केला आहे. २०१५ साली जँगोच्या १.९ आवृत्तीत त्याला युनिकोडची मुभा मिळाली, पण ती मुभा दिल्यावरही तो 'पुणे'चे 'पण' करतो आणि 'पाणी'चेही 'पण'च करतो. ॲडमिनमध्ये, म्हणजे जँगोच्या व्यवस्थापन-पानावर, हाताने 'पुणे' लिहावे, तर युनिकोड अक्षरे, अंक, अंडरस्कोअर किंवा हायफन असलेला वैध स्लग द्या, असे उत्तर येते. अहो, मग मी दिले ते काय होते?

याच राउटिंगने पूर्वीही कमी छळलेले नाही. पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ विसरली, तर डीबग (चुका दाखवणारी अवस्था) चालू असताना निदान कारण कळते. प्रत्यक्ष सर्व्हरवर मात्र मुकाट्याने ३०१ ('दुसऱ्या पत्त्यावर जा' हा संदेश) जातो, पोस्टचे (माहिती पाठवण्याच्या विनंतीचे) गेट (नुसते पान मागणे) होते आणि माणसाने भरलेला फॉर्म हवेत विरतो. 'लेख/नवा' हा राउट खाली राहिला, तर वरचा सर्वभक्षी राउट त्याला गिळतो आणि 'नवा' नावाचा लेख शोधत बसतो.

शेवटी कन्व्हर्टरमध्ये 'तिरकी रेघ सोडून काहीही' एवढेच ठेवले आणि 'किल्ले' उघडले. आता आज संध्याकाळी बसून सगळ्या लेखांचे स्लग हाताने पुन्हा लिहायचे आहेत, आणि 'पण' म्हणजे पुणे की 'पण-२' म्हणजे पुणे, हे प्रत्येक लेख उघडून पाहायचे आहे.